घड्याळं वाजवून बघणारे दाजी

दाजींचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुन्या शोभेच्या वस्तूंच्या दुकानात आम्ही दोघं कामाला होतो. मी हमाल. खोकी उचलायची, भिंतीत खिळे ठोकायचे. दाजी घड्याळं पारखायचे.

फ्रान्समधून चिनी मातीची जुनी घड्याळं यायची. भिंतीवर टांगायची, ताटाएवढी, कडेला निळी फुलं. बहुतेक बंदच. लोक ती वेळ बघायला नाही, भिंत सजवायला न्यायचे. दाजी ती कोमट पाण्यानं धुवायचे, सावलीत वाळवायचे, मग बोटाच्या पेरानं वाजवायचे. खणखणीत वाजलं तर शाबूत. बद्द वाजलं तर आत चीर. चिरलेलं टांगायचं नाही, स्वतःच्या वजनानंच तुटतं. ओलं घड्याळ ते वाजवून बघत नसत. ओल फसवते, म्हणायचे.

साठीनंतर त्यांचे कान गेले. कानाचं यंत्र घ्या म्हणून ताई मागे लागली.

"ते कानात दिसलं की मालक म्हणेल, उद्यापासून येऊ नका," दाजी म्हणाले. दुसरं काम त्यांना येत नव्हतं. त्या वयात कुणी दिलंही नसतं.

त्यांनी तोड काढली. घड्याळ हनुवटीला टेकवून वाजवायचे. आवाज हाडातून कळायचा.

"दाजी, घड्याळाची पप्पी घेताय काय? सांगू ताईला?" टेम्पोवाला ओरडायचा. दाजींना ऐकूच जायचं नाही. मालकाला वाटायचं, पारख करायची हीच खरी रीत.

मग एका गिऱ्हाइकाच्या घरी मोठं घड्याळ पडलं. मी जाऊन बघितलं. खिळा जागेवर होता, त्याला घड्याळाच्या पाठीचा तुकडा लटकत होता. बारीक चीर हनुवटीला कळली नव्हती.

 दाजी पाठमोरे असताना मालकानं दोन घड्याळं वाजवली.

"दाजी, यातलं चिरलेलं कुठलं?"

दाजी फडकं पिळत राहिले. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकून वळले. मालकाचा चेहरा बघितला आणि हात पुसले. दुसऱ्या दिवसापासून ते घरी बसले.

साठवलेल्या पगारातून त्यांनी यंत्र घेतलं. ते लावून दुकानात आले. "एकदा बघू द्या," म्हणाले.

मालकानं एक शाबूत आणि एक चिरलेलं घड्याळ समोर ठेवलं. दाजींनी दोन्ही वाजवली. परत वाजवली. यंत्रातून दोन्हींचा आवाज सारखाच आला, पत्र्याच्या डब्यासारखा. हनुवटीला लावायला गेले तर यंत्रच शिट्टी मारायला लागलं.

"कुठलं?"

"नाही कळत."

त्यांनी दोन्ही घड्याळं जपून खाली ठेवली. मालकानं नकारार्थी मान हलवली.

यंत्र परत करायला मीच गेलो. कानात घातलेली वस्तू परत घेत नाही, दुकानदार म्हणाला. दाजींची सगळी कमाई त्या यंत्रात गेली.