इज्जाच्या दोन बाटल्या

आमच्या गावात पुरुषाची परीक्षा त्याच्या टाचांवरून होते, आणि परीक्षक असतात मागच्या रांगेतले. मशिदीत नमाजाला वाकलं की पुढच्याच्या टाचा थेट डोळ्यांसमोर. दुसरीकडे बघायची सोयच नाही. हिवाळ्यात डोंगरावरून तो कोरडा वारा सुटला, की कुणाच्या भेगा किती रुंदावल्या ही बातमी आमचे हे घरी आणतात आणि दुपारच्या चहापर्यंत मी ती गावभर पोचवते. सगळ्यांत वाईट दशा फकीहांची. नमाज पढवायला तेच सर्वांत पुढे उभे, म्हणून त्यांच्या टाचा अख्ख्या गावाच्या मालकीच्या. वरच्या शिखरावर पहिलं बर्फ दिसलं, की त्यांची बायको ओढणीखाली रिकामी बाटली लपवून इज्जाच्या दाराशी हजर. तेल मलाच हवंय, असं आल्याआल्या सांगून टाकायची. इज्जा बाटली भरून देताना हळूच म्हणायची, "फकीहांना सांगा, चोळल्यावर मोजे घालून झोपा."

ही इज्जा माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिचा बाप बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याचं सगळं तिनं एकटीनं केलं. तो गेला तोवर स्थळं आणणाऱ्या बायका तिच्या घराची वाट विसरल्या होत्या. थंडीत ती उन्हातल्या भिंतीला पाठ लावून बसायची, दोन दगडांमध्ये अर्गानच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या काटेरी झाडाच्या, बिया फोडायची, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या कातडीची चौकशी करायची. गवंड्याची बोटं चुन्यानं फाटली, तर त्याला रात्री तेल आणि भेगांत मेंदी. कुणा पोरीच्या गालांची सालं निघाली, तर आधी ओरडा, की उकळत्या पाण्यानं तोंड धुतेस कशाला, आणि मग मातीचा लेप. मास्तरांच्या बायकोनं शहरातून कातडी तुकतुकीत करणाऱ्या गोळ्या आणल्या, त्याही तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. गोळी घ्यायची तर घ्या, म्हणाली, पण सकाळी चमचाभर अम्लूही खा. भाजलेले बदाम, मध आणि अर्गानचं तेल एकत्र वाटलं की झालं अम्लू. थंडीत कातडीला तेल बाहेरून लागतं तसं आतूनही लागतं, हे तिचं ठाम मत.

म्हणून तिच्याकडे दोन बाटल्या. कच्च्या गरांचं फिकट तेल अंगाला लावायचं. भाजलेल्या गरांचं तांबूस, खमंग तेल खायचं. दोन्ही बाटल्या जुन्या लिंबूसरबताच्या, अगदी जुळ्या बहिणी. निदान एकीच्या गळ्यात दोरा तरी बांध, असं मी किती वेळा सांगितलं. "दोरा कशाला? मला नाक आहे," म्हणायची. गावाचे गाल तिनं असे राखले, पण स्वतःच्या चेहऱ्याला थेंबभर लावेल तर शपथ. म्हटलं तर उत्तर ठरलेलं: मला कोण बघायला बसलंय!

त्या हिवाळ्यात कासाब्लांकाहून हमद आला. आमच्याकडचे निम्मे पुरुष असेच, शहरात वाण्याचं दुकान आणि गावात बंद घर. हमदची बायको जाऊन बराच काळ लोटला होता, आणि यंदा त्याची बहीण कब्बूरा त्याचं लग्न लावायला कंबर कसून आली होती. अगादीर शहरात राहते, त्यामुळे आम्हा सगळ्यांना जरा वरूनच बघते. मुलगी पसंत करायची तिची रीत म्हणजे गालाला गाल लावायचा, हात हातात घेऊन कुरवाळायचा आणि नाक मुरडायचं. दोन ठिकाणी मुरडून झालं होतं. मग इज्जाचं नाव निघालं. कुणी काढलं ते विचारू नका. दगड फोडणारीचे हात बघायला काय जायचं, असं कब्बूरा म्हणाल्याचं कानावर आलं, पण हमदनं जाऊ या म्हटलं.

मी इज्जाला सांगितलं तर ती बिया फोडत राहिली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला, मानाचं 'लल्ला' लावून, "लल्ला रकिया, या वयात तेल लावलं तर चेहऱ्याला काही फरक पडतो का?"

जी सगळ्या गावाला सांगते, ती मला विचारत होती. तिला हे स्थळ मनापासून हवंय, हे मला तेव्हाच कळलं.

पण नेमकी तेव्हाच तिला सर्दी. आठवडाभर शिंकत होती. नाकात बोळे कोंबल्यासारखं बोलायची. पाहुणे यायच्या दिवशी तिनं मातीनं न्हाऊन घेतलं आणि कोनाड्यातल्या बाटलीतलं तेल गालांना, मानेला, कोपरापर्यंत हातांना चोपडलं. मी चहाचं तबक घेऊन पोचले तोवर पाहुणे येऊन बसले होते. उंबऱ्यातच वास आला, ताजे भाजलेले गर कुणी जात्यावर दळतंय असा. मी चुलीकडे पाहिलं, चूल थंडगार. मग इज्जाकडे पाहिलं. ती नुसती तांबूस चकाकत होती.

आता सांगू कशी? मध्ये कब्बूरा बसलेली. मी डोळे मोठे केले, गालाकडे बोट दाखवलं. इज्जाला वाटलं मी कौतुक करतेय. तिनं लाजून मान खाली घातली.

कब्बूरा उठली, गालाला गाल लावला. दुसऱ्या गालापाशी जरा जास्तच रेंगाळली. मग हात कुरवाळले, उलटे केले, पुन्हा कुरवाळले. औषधाच्या दुकानातलं महागडं क्रीम लावूनही तिचे स्वतःचे गाल आमच्या वाऱ्यानं आटलेल्या तळ्यासारखे तडकले होते. खाली बसली आणि रोटीचा तुकडा मोडला. म्हणाली, कोण जाणे का, अचानक भूक लागलीय. तेवढ्यात मांजर आलं आणि इज्जाचं मनगट चाटू लागलं. इज्जानं हाकललं. ते पुन्हा आलं.

हमद रीतीप्रमाणे खाली बघत होता, पण तोंडाला सुटलेलं पाणी गिळत होता. जोडे दाराशी काढलेले, मोज्याला मागे भोक, आणि त्या भोकातून दिसणारी टाच... आमच्या ह्यांनी सांगितलं होतं, पण इतकी वाईट असेल असं मला वाटलं नव्हतं. इज्जाची नजर तिथं गेली आणि तिची लाज कुठल्या कुठे पळाली.

"सी हमद, रात्री टाचेला काय लावता?"

त्यानं पाय झग्याखाली ओढला. "काही नाही. दुकानात दिवसभर फरशीवर उभा असतो, त्यानं होतं."

"उभे सगळेच राहतात. लावत का नाही?"

"आठवण करून देणारं कोण आहे?" म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून कानापर्यंत लाल झाला.

इज्जा उठली, कोनाड्यातली तीच बाटली आणून त्याच्यापुढे ठेवली आणि झोपताना चोळून वर मोजे घालायला सांगितलं. हमदनं बूच काढलं. हुंगलं. डोळे मिटले. मग कुणाला न विचारता ताटलीत तेल ओतलं, रोटी बुडवली आणि खाल्ली.

"लल्ला इज्जा, हे टाचेला लावलं तर आई कबरीतून उठून येईल मला बडवायला."

इज्जानं बाटलीकडे पाहिलं, मांजराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिचा हात सावकाश गालाकडे गेला. हसू दाबताना कब्बूराचे खांदे गदगदू लागले होते.

"मी तोंड धुऊन येते," इज्जा म्हणाली. ती परत या खोलीत येणार नाही, हे तिच्या आवाजावरूनच कळत होतं.

"राहू द्या," हमद म्हणाला. अजूनही खालीच बघत होता. "तिकडे माझं दुकान तेलाच्या डब्यांनी भरलंय. पण रात्री घरात शिरलो की घराला कसलाच वास नसतो."

मग कब्बूरानं इज्जाचा हात ओढून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि जरा नाइलाजानंच कबूल केलं की दगड फोडणारीचे हात आपल्यापेक्षा मऊ आहेत. पुढे अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये म्हणून, विचारलं, "ती अंगाला लावायची बाटली कुठली गं? जाताना मला दे."

इज्जा हसली, आणि हसता हसता तिला अशी शिंक आली की मांजर पळालं.

बदामाला फुलं आली तेव्हा लग्न झालं. हमदनं दुकान पुतण्याच्या हवाली केलं. गावची हवा मानवते, म्हणतो. त्याच्या टाचा आता अशा झाल्यात की मशिदीत त्याच्या मागे जागा मिळवायला लोक लवकर येतात, असं आमचे हे सांगतात. फकीहांना हे फारसं आवडलेलं नाही. बाटल्यांना दोरा अजून बांधलेला नाही. थंडीत इज्जाचं नाक बंद झालं की आधी हमद हुंगतो आणि कुठली बाटली कुठली ते सांगतो. त्याला बराच वेळ लागतो. दुसऱ्या हातात रोटी असते ना.