फोटूत गुंडूअण्णा खाली का गेला

काकतीच्या अलीकडं एक गाव हाय. तितं लक्षुमीची यात्रा अकरा वर्सांनी येती. रथाला दोर दोन. उजवा मारुतीआप्पाच्या घराण्याचा, डावा गुंडूअण्णाच्या. मान दोघांचा सारखा, म्हंजे अगदी माप लावून सारखा. एकाच्या पानात दोन भजी पडली तर दुसऱ्याच्या पानात तीन पडायची न्हाईत.

औंदा पंचांनी ठरीवलं, यात्रेची वेबसाईट करायची. करणार कोण? आण्णाप्पा मास्तरची लेक ऋतिका. ती बेळगावात कंपनीत ह्येच काम करती. पोरीनं झ्याक केली. वर देवी, खाली मारुतीआप्पा आन् गुंडूअण्णा शेजारी शेजारी, फेटे बांधून, चपलांसकट उभे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुंडूअण्णा फोन धरून ऋतिकाच्या दारात.

"काय गं पोरी, मी मारुतीच्या पायाखाली व्हय?"

ऋतिकानं बघितलं तर खरंच की! मारुतीआप्पा वर, आन् त्येच्या चपलांखाली बरोबर गुंडूअण्णाचा फेटा.

"अण्णा, माझ्या फोनात नीट हाय. बघा."

"तुझ्या फोनात माझी इज्जत असून काय करू? परवा पंचांची बैठक हाय. तवर मला वर घेतलं न्हाईस, तर आमच्यातलं एक बी पोरगं डाव्या दोराला हात लावणार न्हाय!"

 एकाच दोरावर वढला तर रथ गोल फिरून पिठाच्या गिरणीत शिरायचा, आन् नाव कुणाचं? ऋतिकाचं.

"अण्णा, वेबसाईट उघडून दावतो त्यो ब्राउझर. तुमचा लई जुना झालाय. नवा घालूया, दोन मिन्टाचं काम."

पण घालायला फोनात जागाच न्हाय. बैलाचे चौदाशे फोटू!

"थोडे पुसू का?"

"सर्ज्याला पुसतीस?"

"अवो, ह्यात नुसती शेपूट हाय."

"पण शेपूट कुणाची हाय?"

फोटू ऱ्हायले तितंच. ऋतिका लॅपटॉप घिऊन वेबसाईटच दुरुस्त कराय बसली.

कसं असतंय, कुणाला कुठं बसवायचं ते वेबसाईटला लिवून द्यावं लागतं. हिनं नव्या पद्धतीनं लिवलतं, 'दोन खण पाड, एकेकाला एकेका खणात बसीव.' नव्या ब्राउझरला कळलं. जुन्याला खण म्हंजे काय तेच ठावं न्हाय, त्येनं भाकऱ्यांची चळत रचल्यागत एकाखाली एक ठिवलं. मग हिनं त्येच्या आदी, जुन्याला कळंल असं लिवलं, 'अर्धी जागा ह्येला, अर्धी त्येला.' गुंडूअण्णा आला वर!

तवर मारुतीआप्पा आला तणतणत. त्येचा फोन पुण्याच्या लेकानं दिलेला, भारीतला.

"काय गं, मला काय झालंय? गुंजीला दिलेली लेक फोनवर रडाय लागली, आप्पा जेवत न्हाईत काय म्हणून!"

बघितलं तर भारी फोनात दोघं बी उदबत्तीवानी बारीक. त्येनं दोनी लिवलेलं ऐकलं, आदी खण पाडला, आन् खणातली बी अर्धीच जागा दिली. म्हंजे अर्ध्याचं अर्धं! ऋतिकानं कपाळावर हात मारला आन् नव्या ब्राउझरांना बजावून लिवलं, 'तुमी ते अर्धं इसरा, खण भरून बसा.'

पण आता तिचा कुणावरच इश्वास न्हाय. शेजारच्या जयाबाईनं वेताची बुट्टी घिऊन गल्लीतनं एकोणीस फोन गोळा केले. देवळात बसून ऋतिकानं एकेक उघडून बघितला. मदीच सात वाजले, आन् बुट्टीतनं चार जणींच्या सुना एकदमच वाजाय लागल्या, "सासूबाई, कुठं हायसा?" शेवटच्या फोनापतोर दोघं एका वळीत.

बैठकीत गुंडूअण्णानं काडीपेटीतली काडी काढली. आदी फोनातल्या मारुतीआप्पाला मापलं, मग सवताला. मग पुन्ना मारुतीआप्पाला. 

"सारखं हाय," म्हणाला. "डाव्या दोराला माणसं किती लागतील?"

"चाळीस," पंच म्हणाले.

"साठ आणतो."

"मग माझी एकसष्ट!" मारुतीआप्पा उठला.

"साठ-साठ!" ऋतिकाच वरडली. "पुन्ना मापायला मला सांगू नका!"

पंचांनी तिचंच लिवून घेतलं.