हत्तीचं पिल्लू

जळगावच्या आमच्या हौशी मंडळाची नाटकं आमचे दिग्दर्शक भाऊ बसवतात. मी विंगेत बसून पेटी वाजवतो. पात्रं निवडताना ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकतात. यंदा एका कार्टून सिनेमाचं संगीत नाटक करायचं होतं. हत्तीच्या पिल्लासाठी मुलं गाऊन गेली. एका मुलीला ओळ आठवेना, तेव्हा सोबत आलेल्या तिच्या आजीने, एरंडोलच्या अक्कांनी, ती ओळ गुणगुणली.

"पिल्लू मिळालं," भाऊ म्हणाले.

"मी? मना तोंडमा एक दात नही शे."

"पिल्लालाही नसतात, अक्का."

सिनेमा तोंडपाठ असलेली पोरं हसतील, अशी मला धास्ती होती. प्रयोगात अक्का हरवलेल्या आईला हाका मारत गाऊ लागल्या आणि पोरं खरंच हसली. मग हळूहळू गप्प झाली. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "रडू नको, तुनी माय झाडना मांगे शे."

भाऊंनी विंगेतून आईहत्तिणीला पुढे ढकललं.

"भाऊ, दोन कडवी बाकी आहेत," मी कुजबुजलो.

"राहू देत. पिल्लाला किती रडवायचं?"