नानांच्या चाळीतली नळी

आमच्या बागलाणात माणूस स्वतःचं दुखणं सांगेल, सुनेशी झालेलं भांडण सांगेल, पण चाळीत कांदा किती आहे ते सांगणार नाही. कोणी विचारलंच तर "शे थोडाफार", म्हणजे आहे थोडाफार, एवढं उत्तर ठरलेलं असतं आणि शहाणा माणूस त्यापुढे विचारत नाही. चाळ म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची, आरपार वारा जाणारी लांबट खोली. उन्हाळ्यात काढलेला कांदा भाव येईपर्यंत तिच्यात पडून असतो. पट्ट्यांच्या फटींतून माल दिसतो, म्हणून रस्त्याकडच्या बाजूला हिरवी जाळी बांधतात. वाऱ्याला आत सोडायचं, नजरेला नाही. मी याच गावात वाढले, हे मला कोणी मुद्दाम शिकवलं नाही.

पुढे मी इंजिनिअर झाले, नाशिकच्या एका कॉलेजात लागले, आणि मला पगार मिळू लागला तो नेमका लोकांच्या चाळीत डोकावण्याचा. अचूक शेती या नावाखाली सरकारने संशोधनाला अनुदान दिलं होतं. आमचा प्रकल्प साधा होता. भोकं पाडलेली प्लास्टिकची उंच नळी ढिगात उभी करायची. तिच्यात खालपासून वरपर्यंत चार डब्या. ढिगातली ऊब, ओल आणि सडक्या कांद्याचा वायू त्या मोजायच्या आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून नाशिकला कळवायच्या. आत कुठे सड लागली ते वास सुटायच्या आधी कळलं, तर शेतकरी तेवढा कांदा उपसून बाकीचा वाचवू शकतो. अनुदानाचे टप्पे दोन होते. पहिल्या टप्प्याचं काम पाहून समिती खूश झाली तर दुसरा मिळणार होता, आणि दुसरा मिळाला तरच माझी नोकरी राहणार होती. माझी नेमणूक प्रकल्पापुरतीच आहे हे मी घरमालकालाही कळू दिलं नव्हतं.

पण चाळ कोणी देईना. नामपूरपासून सटाण्यापर्यंत मी नातेवाइकांच्या आणि मैत्रिणींच्या सासरच्या दारांत उभी राहिले. चहा सगळ्यांनी दिला. मग "सरकारी शे ना?" असं विचारून "पुढच्या साली पाहू" म्हटलं. शेवटी मी माझ्या वडिलांना, नानांना विचारलं.

"लाव ना," नाना म्हणाले. "आपली पोर, आपली चाळ."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नानांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीला पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं नाही. मला आलेलं एक भिकार स्थळ नाकारायलासुद्धा त्यांनी महिना घालवला होता. वर म्हणाले, नळी मीच उभी करतो, तू कशाला उन्हाची येतेस. मी भाबडेपणाने गहिवरले.

पावसाळा लागला, आकडे येऊ लागले आणि खटकू लागले. सगळ्यात खालची डबी ठीक होती. वरच्या तिन्ही मात्र दुपारी तापायच्या आणि पहाटे गार पडायच्या. ढिगाच्या पोटात असं होत नाही, तिथे ऊब मुरलेली असते. पहिला संशय मी डब्या पुरवणाऱ्यावर घेतला. दुसरा घेतला आकडे सांभाळणाऱ्या सहकाऱ्यावर, आणि तो कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसरा संशय मनात आला तेव्हा मी सटाण्याची बस पकडली आणि घरी कळवलं नाही.

नळी चाळीत नव्हतीच. ती गोठ्याशेजारच्या रिकाम्या खोलीत उभी होती आणि तिच्या बुडाशी गुडघाभर कांदा रचलेला होता. एकसारखा, चकचकीत, एकही जोड कांदा नाही. मार्केटला नेताना ट्रॉलीच्या वरच्या थराला निवडक माल लावतात, तसा. नानांनी सरकारसाठी नुसता वरचा थर मांडला होता.

मी भयंकर चिडले. "नाना, ही नळी सड शोधते. माल मोजत नाही."

"आज नही मोजत. उद्या मोजी," ते शांतपणे म्हणाले. "सरकारनं यंतर शे ते. कोनाकडे कितला माल पडेल शे ते सरकारले समजनं की भाव गया."

"यंत्र मी केलंय. सरकारने नाही."

"मंग तुले तरी माहीत शे का, त्या डबीले काय काय समजस?"

हे मला लागलं. गावाने माझ्यावर अविश्वास दाखवला तर समजू शकते, पण स्वतःच्या बापाने? नानांना माझा राग कळेचना. त्यांच्या मते त्यांनी पोरीचा प्रकल्पही चालू ठेवला होता आणि घरही सांभाळलं होतं. बरीच हुज्जत घातल्यावर ते एवढ्यावर आले की समिती येईल त्या दिवसापुरती नळी खऱ्या चाळीत उभी करू, आणि गाडी वळली की काढू.

समिती आली. साहेब लोकांनी चाळ पाहिली, माझ्या लॅपटॉपवरचे आलेख पाहिले, मान डोलावली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात त्यांच्यातले सगळ्यात ज्येष्ठ साहेब फार गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, या डब्यांवरून ढीग किती उंच आहे तेही कळू शकेल का? म्हणजे साठा. गावोगावचा साठा असा बसल्या जागी कळला, तर दुसऱ्या टप्प्याला खरा अर्थ येईल."

नाना चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभे होते. ट्रे त्यांनी खाली ठेवला नाही.

उत्तर मला त्याच क्षणी कळलं. ढिगाबाहेरची डबी दुपारी तापते, ढिगातली तापत नाही. गुडघाभर ढीग मी नाशिकला बसून ओळखला तो याच खुणेवरून. बापाची लबाडी पकडताना मी त्याचा माल मोजून बसले होते आणि मला पत्ताच नव्हता.

"नाही सर," मी म्हटलं. "तसं काही होत नाही."

साहेबांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. माझी नोकरी गेली हे मला चहा संपायच्या आत समजलं.

गाडी वळली, पण नाना नळी काढायला गेले नाहीत. "ऱ्हाऊ दे तठेच," म्हणाले. त्यांनी माझ्या शब्दावर काही सोडलं असं ते पहिल्यांदाच घडत होतं. मला रडू येईल इतका आनंद झाला आणि तेवढीच लाज वाटली. प्रकल्प संपेपर्यंत नळी चालू राहिली. वरची डबी दुपारी तापू लागली की मी ओळखायची, नानांचा ट्रॅक्टर माल घेऊन नामपूरच्या मार्केटला जाऊन आला. बघायचं नाही असं मी रोज ठरवायची आणि रोज बघायची.

दुसरा टप्पा आम्हाला मिळाला नाही, दुसऱ्या कुठल्याशा चमूला मिळाला. साहेबांच्या प्रश्नाला त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते मी न ऐकताच सांगू शकते. मी आता एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. नाना मात्र गावभर सांगत फिरले, माझ्या पोरीने साहेबाच्या तोंडावर सांगितलं, ही नळी माल मोजत नाही. लोकांची भीती मोडली ती त्यांच्या या बोलण्याने.

यंदा चाळी भरायच्या वेळेला नानांचा फोन आला. गावात एक माणूस दुसऱ्या टप्प्याच्या नव्या नळ्या घेऊन आला होता, फुकट. मागे बरेच आवाज होते, फोन स्पीकरवर होता.

"तो सांगस, फक्त सडेल कांदा वळखस," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क मिजास होती. "मी सांगं, मनी पोर सांगी, मंगच लावू. बोल."

मी "लावा" म्हटलं असतं, तर नाना माझेच राहिले असते आणि सगळ्या गावाच्या चाळी उघड्या पडल्या असत्या.

"नाना, लावू नका," मी म्हटलं. "त्या माल मोजतात."

पलीकडे कोणीतरी हसलं.

"मंग तुनी बी मोजत व्हती," नाना म्हणाले.

"हो," मी म्हटलं, आणि ते स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं.