सुनीताने आणलेला शब्द

मास्तरकीत किस्से साठत जातात आणि ते सगळे हसवणारेच असतात, असं लोक समजतात. माझ्याकडचे बहुतेक घाम फोडणारे आहेत, कारण मी मुळात भित्री. कासा गावच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला इंग्रजी शिकवते. येता-जाता दिसलेला किंवा ऐकलेला एक इंग्रजी शब्द मुलांनी आणायचा, त्याचा अर्थ आणि मूळ मी सांगायचं, असा नियम मीच करून बसलेय.

एकदा रानशेतच्या राजेशने ‘इन्फ्लेमेबल’ आणला. म्हटलं, चटकन पेट घेणारं. कुठे वाचलास?

"टँकरवर, मॅडम. हायवेला उलटलाय ना. बाबा कॅन घेऊन गेलेत भरायला."

फोनवर फोन केले. बाबा सुखरूप परतले, वर मलाच म्हणाले, "अर्धा कॅन रिकामा राहिला की, मॅडम."

दुसऱ्या एकाने ‘ट्रेसपासर्स’ आणला. "परवानगीशिवाय आत शिरणारे," मी म्हणाले. "तरीच कुत्रा सोडला," म्हणत त्याने पोटरी दाखवली. चावा कालचा, इंजेक्शन घेतलेलंच नाही! तसाच ग्रामीण रुग्णालयात नेला. वाटेत तोच मला धीर देत होता.

आणि सुनीता. ती ‘स्ट्रिपटीज’ घेऊन आली.

मागच्या बाकावर दोघंतिघं फिदीफिदी हसले. मला दरदरून घाम फुटला. प्राचार्य, पालक, माझी तासिकेवरची नोकरी, सगळं डोळ्यांपुढे आलं. तिला व्हरांड्यात नेलं आणि हळूच सांगितलं, "लोकांपुढे नाचत एकेक कपडा उतरवायचा, त्याला म्हणतात. टीज म्हणजे झुलवत ठेवणं. स्ट्रिपचं मूळ लुटणं."

"लुटणं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "ताईला दमणला हॉटेलात काम लागलंय. रिसेप्शनचं, असं सांगितलं. नेणारा माणूस फोनवर हा शब्द बोलत होता. आत्ता नाक्यावरून निघतायत, मॅडम."

सुनीताला मागे बसवून नाक्यापर्यंत स्कूटी कशी चालवली, देवाला ठाऊक. ताई गाडीत बसलेली होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. सुनीताने दार धरलं आणि मी कुजबुजत सांगितलेलं सगळं तिच्या बोलीत, जीपवाल्यांच्या रांगेसमोर, खणखणीत आवाजात सांगितलं. माणसं जमायला लागली. ताई पांढरीफटक पडली आणि उतरली. तसा त्या नेणाऱ्या माणसाने गाडी पळवली. तिची बॅग आतच राहिली.

"अगं, बॅग गेली," मी म्हटलं.

"जाऊ दे, मॅडम," सुनीता म्हणाली. "कपडेच होते त्यात."