उबेनं गोठणारा वायू

सांगोल्याच्या स्टँडवर अप्पांनी माझ्या बॅगेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहिलं, मग कंडक्टरला नीट निरखून घेतलं, जणू तोच मला ऑस्ट्रियात पळवून नेणार होता. एसटी हलताना आशीर्वाद वगैरे काही नाही. खिडकीशी येऊन म्हणाले, "कुनी लई गोड बोलाय लागलं की समज, कायतरी लपवतंय." संशय ही आमची वडिलोपार्जित इस्टेट. डाळिंबाचा व्यापारी हसून चहा पाजायला लागला की अप्पांना घाम फुटायचा.

इकडच्या प्रयोगशाळेत हाच गुण कामी आला. आम्ही धातूच्या अणूंचा विरळ वायू लेझरनं इतका थंड करतो की त्याहून थंड जवळजवळ काही उरतच नाही. त्या थंडीत अणू एकजुटीनं वागतात, वायू कुठेही न अडता वाहतो. पत्र्याच्या घरात मे महिने काढलेल्या मुलीनं हे काम करावं, याचं मला अजून हसू येतं. एकदा तो वायू आम्ही किंचित गरम केला, तर विस्कटायचं सोडून त्याच्या ओळीनं गाठी बसल्या. वाहायचा तसाच, पण मांडणी घन पदार्थाची. उबेनं कुणी गोठतं का? आत थर्मामीटर घालता येत नाही. अणू मोकळे सोडायचे आणि ते किती वेगानं पांगतात त्यावरून तापमान ओळखायचं. मी कित्येक आठवडे तेच करत राहिले. लेझरवर, सहकाऱ्यांवर, स्वतःवरही संशय घेतला. पण ते खरंच होतं. थोडी ऊब मिळाली की त्या वायूची घडी बसते, जास्त झाली की सगळं विस्कटतं.

त्याच सुमाराला आई फोनवर गोड बोलायला लागली.

माझी आई! "जेवलीस का? ठेव मग," एवढंच बोलणारी. आता ती फोन सोडेना. व्हिडिओत तिच्यामागे नेहमी कोरी भिंत. अप्पांना बोलाव म्हटलं की, "शेळ्यांकडं गेल्यात." पण शेळ्यांचा आवाज नाही, ऐकू येतात ते रिक्षांचे हॉर्न. पाणी कुठंतरी मुरत होतं. अप्पा जिवंत तरी आहेत ना, अशीही शंका आली. शेवटी मी म्हणाले, "आई, फोन घेऊन दारात जा."

फोन हलला. साड्यांची दुकानं, गर्दी, रिक्षा. सोलापूरची नवी पेठ! आणि पायरीवर काठी घेऊन बसलेले अप्पा. डाळिंबाच्या बागेत पडले होते. दादानं दोघांना आपल्याकडे सोलापूरला आणलं, शेळ्या विकल्या, सांगोल्याच्या घराला कुलूप लावलं.

"कळलं असतं तर काम टाकून आली असतीस," आई म्हणाली. मग हळूच, "आन् घर बंद हाय म्हनल्यावर म्होरं परत कशाला आली असतीस?"

मी खूप चिडले. तेवढ्यात मागून अप्पा ओरडले, "तू गेलीस म्हनून आमी तितंच बसायचं व्हय? आमाला बी गाव सोडता येतंय की!"

मला एकदम रडू आलं. आपण खुशाल निघून येतो, आणि मागच्यांनी मात्र जागचं हलू नये असं धरून चालतो. तुमच्यापैकी कोण असं करत नाही, सांगा.

पुढच्या महिन्यात येतेय. दादाला स्टेशनवर येऊ नकोस म्हणून सांगितलंय. आपल्याच घरचा रस्ता एकदा चार लोकांना विचारत जाईन म्हणते.