प्रियदर्शनीची हनुवटी

खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये प्रियदर्शनीच्या हनुवटीची जेवढी चर्चा झाली, तेवढी तिच्या दहावीच्या मार्कांची झाली नाही. आणि मार्क चांगले होते हो! पण तिच्या आईला, वेणूबाईंना, दिसायचे ते हनुवटीवरचे काळे केस. प्रियू आठवीत असताना ते उगवले आणि त्या माउलीच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतः वेणूबाई हनुवटीवर पदर ओढून वावरायच्या आणि लेकीला उठता-बसता ऐकवायच्या, "मुलीची जात आहे, असं राहून चालायचं नाही."

मग काय, उपायांची रांगच लागली. आधी हळद आणि डाळीचं पीठ. केस जागच्या जागी, चोळून चोळून गाल मात्र हुळहुळे झाले. मग पार्लरमधला दोरा. त्याने केस मुळापासून निघायचे, थोडे दिवस हनुवटी कशी छान मऊ, आणि मग पुळ्याच पुळ्या. काही केस तर वर यायचं सोडून कातडीच्या आतच वळायचे आणि तिथे ठणकणारी गाठ धरायची. केस काढायच्या क्रीमने ओठाखाली भाजलं, तेव्हा ती स्कार्फ बांधून कॉलेजला गेली. पुण्यात तोंड बांधलेल्या मुलीला कोणी काही विचारत नाही, एवढंच नशीब. लग्नात तर कहर झाला. हळदीच्या आदल्या संध्याकाळी चेहऱ्याला वॅक्स केलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सोललेल्या कातडीवर बायाबापड्यांनी ओंजळीने हळद थापली! फोटोत नवरी लाजलीय असं सगळ्यांना वाटतं. लाजली कसली, आग होत होती तिची.

हडपसरच्या कंपनीतल्या पगारावर तिने लेसरही करून पाहिलं. केस विरळ झाले, पण मूळ दुखणं हार्मोन्सचं, त्यामुळे थोडे परत आलेच. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सरळ रेझर फिरवा. त्याने केस दाट होत नाहीत. टोक बोथट कापलं जातं, म्हणून हाताला राठ लागतात, इतकंच."

वेणूबाईंनी कानांवर हात ठेवले. "अगं, बाईमाणसाने दाढी करायची?"

"करायची," प्रियू म्हणाली, आणि करू लागली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हनुवटीवर पुळी उठली नाही.

यंदा ती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. डोक्यावर भरघोस जावळ आणि कपाळावर, पाठीवर तान्ह्या पोरांना असते तशी मऊ लव. मालिशवाल्या बायडाबाईंनी पोर उलटीपालटी करून पाहिली आणि निकाल दिला, "लव लई हाय वो. गोळा फिरवाय पायजे."

वेणूबाईंचा कणकेचा गोळा तयारच होता, तेल-हळद घालून मळलेला. बायडाबाई पाटावर पाय पसरून बसल्या, पोरीला पायांवर घेतलं आणि कपाळावर गोळा घासायला लागल्या. पोर आधी कुरकुरली, मग जी किंचाळली, की प्रियू आतल्या खोलीतून तशीच धावत आली. एवढंसं कपाळ लालबुंद झालं होतं.

"थांबा!"

"समदीच पोरं रडत्यात, ताई."

"थांबा म्हटलं ना!" तिने पोरीला उचललंच.

आता वेणूबाई भडकल्या. "आज चार दिवस रडेल, पण जन्माची सुखी होईल! तुला काय कळतंय? तुला मी स्वतःच्या हाताने गोळा फिरवलाय, महिनोन् महिने, एक दिवस चुकवला नाही!"

बाळंतपणाच्या गडबडीत रेझर कुठला लागायला? प्रियूने पोरीला छातीशी धरलं आणि हनुवटी आईच्या डोळ्यांसमोर नेली.

"मग हे काय आहे, आई?"

बायडाबाईंनी गोळा परातीत टाकला.

"ही लव आपोआप गळते," प्रियू म्हणाली. "पुढे यायचे ते केस येतीलच, गोळा फिरवा नाहीतर रोडरोलर. मला सोललंत ते सोललंत. हिला हात लावायचा नाही."

बारशाच्या दिवशी वेणूबाई हळूच म्हणाल्या, "निदान तुझी हनुवटी तरी कर गं. सासरची माणसं येतायत." एरवी तिने केलीही असती. पण आज लेकीच्या बारशाला लपवाछपवी करायची नाही, हे तिने ठरवलं होतं. रेझर फळीवरच राहिला.

सासूबाई आल्या. वासंतीबाई सदाशिव पेठेतल्या, आवाज कधी चढत नाही आणि शब्द कधी चुकत नाही. पाळण्यात वाकून म्हणाल्या, "अगंबाई, कपाळावर काय ही लव! कोणावर गेली म्हणायची? आमच्याकडे तर कोणाला नाही."

बायकांच्या माना प्रियूकडे वळल्या.

"माझ्यावर," प्रियू म्हणाली आणि खिडकीच्या उजेडात हनुवटी वर करून उभी राहिली. "नीट बघून घ्या, सासूबाई."

तेवढ्यात मागून आवाज आला. "आणि ती माझ्यावर." वेणूबाईंनी जन्मभर हनुवटीवर ओढलेला पदर मागे टाकला. चिमट्याने उपटून उपटून काळी पडलेली हनुवटी होती ती. सख्ख्या लेकीनेही कधी उजेडात पाहिली नव्हती. प्रियूचे डोळे भरून आले.

"आता पाळणा म्हणा," वेणूबाई म्हणाल्या, "पोर झोपायला आलीय."